एका ‘ट्रायल’च्या दगडाची गोष्ट आणि आपलं जर्नल

मित्रांनो, सबमिशन तोंडावर आलेलं असताना कुणी लघुग्रहावर लेख लिहील आणि तुम्ही तो झेरॉक्सच्या लाईनीत उभे राहून आवडीने वाचाल, अशी भाबडी आशा मला नाही. तरीही लिहितोय. कारण ज्या दगडाबद्दल मी सांगणार आहे, त्याचा आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलशी फार जवळचा संबंध आहे, असं माझं ठाम मत आहे. आधी दगडाची गोष्ट ऐका, मग भांडायला या. रूमचं दार उघडंच असतं!

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात, हे आपण शाळेत शिकलो. या पट्ट्याचा मंगळाकडचा जो भाग आहे, त्याला आतला पट्टा म्हणू. तिथे दगडी लघुग्रहांची गर्दी जास्त. दगडी म्हणजे मुख्यतः सिलिकेट खनिजांचे. बाहेरच्या भागात, गुरूच्या बाजूला, काळेकुट्ट, कार्बनयुक्त लघुग्रह जास्त सापडतात. आपला दगड आतल्या पट्ट्यातला. सूर्यापासून सरासरी ३३ कोटी किलोमीटरवर, सव्वातीन वर्षांत एक प्रदक्षिणा. ४ नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातून चालणाऱ्या ‘लिनिअर’ या शोधमोहिमेच्या दुर्बिणीला तो दिसला. त्याला ‘१९९९ व्हीडी५७’ असा तात्पुरता क्रमांक मिळाला, पुढे १५२८३० हा कायमचा नंबर मिळाला आणि विषय संपला. म्हणजे आपला पीआरएन नंबर आणि सीट नंबर असतो ना, तसंच! नाव नाही, ओळख नाही. पाऊण किलोमीटरही नसलेल्या दगडाकडे कोण कशाला बघणार?

त्याच्याकडे बघायची वेळ आली ती दुसऱ्याच एका कामासाठी.

१६ ऑक्टोबर २०२१ ला नासाने ‘लूसी’ नावाचं यान सोडलं. त्याचं खरं काम आहे गुरूच्या कक्षेतले ट्रोजन लघुग्रह बघणं. हे लघुग्रह गुरूच्या पुढे आणि मागे, दोन झुंडींनी सूर्याभोवती फिरतात. तिथे आजवर एकही यान गेलेलं नाही. १२ वर्षांची ही मोहीम. पण अडचण अशी की लूसी कुठेच थांबणार नाही. प्रत्येक लघुग्रहाजवळून ते सुसाट निघून जाणार. वर्षानुवर्षं प्रवास करायचा आणि हाती लागणार काही तास. त्यातही अगदी जवळचा काळ म्हणजे मोजकी मिनिटं. एटीकेटी नाही, री-एक्झाम नाही. त्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे बघत असला तर फोटोत नुसता काळोख येईल.

आता कॅमेरा नेमका कुठे वळवायचा, हे पृथ्वीवरून सांगता येत नाही. सिग्नल पोचायलाच अर्धा-पाऊण तास जातो. शिवाय लघुग्रहाची जागा आपल्याला कितीही चांगली माहीत असली, तरी थोडी अनिश्चितता उरतेच. म्हणून लूसीवर एक व्यवस्था बसवली आहे. यान आपल्या कॅमेऱ्याने लघुग्रह स्वतः शोधतं, तो कुठे सरकतोय ते बघतं आणि सगळी उपकरणं स्वतःच त्याच्याकडे वळती ठेवतं. कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना सांगायला नको, फीडबॅक लूपच तो. कागदावर उत्तम. पण खऱ्या ट्रोजनवर पहिल्यांदाच चालवून बघायची म्हणजे जुगार. कुठेतरी ट्रायल घ्यायला हवी.

ही ट्रायल घ्यायला वाटेत एखादा दगड मिळतो का, याचा शोध घेतला फ्रान्समधल्या नीस वेधशाळेच्या राफाएल मार्शाल यांनी. कक्षा नीट माहीत असलेले ५ लाख लघुग्रह त्यांनी लूसीच्या मार्गाशी ताडून पाहिले. आपला १५२८३० सापडला. लूसी तसंही त्याच्यापासून ६४,००० किलोमीटरवरून जाणारच होतं. मार्ग थोडासा वळवला की अगदी जवळून जाता येणार होतं. जानेवारी २०२३ मध्ये तो मोहिमेत सामील झाला आणि त्याच वर्षी त्याला नाव मिळालं, डिंकिनेश.

हे नाव कुठून आलं तेही सांगतो. १९७४ मध्ये इथिओपियात हदार इथे डोनाल्ड जोहानसन यांना मानवाच्या पूर्वजाचा सुमारे ३२ लाख वर्षं जुना सांगाडा मिळाला. जगभर तो ‘लूसी’ म्हणून ओळखला जातो आणि यानाचं नाव त्यावरूनच. तिथल्या अम्हारिक भाषेत त्याच सांगाड्याला डिंकिनेश म्हणतात. अर्थ, ‘तू अद्भुत आहेस’. ट्रायलसाठी निवडलेल्या दगडाला हे नाव देताना ते किती खरं ठरणार आहे, याची कुणालाच कल्पना नव्हती.

१ नोव्हेंबर २०२३. भारतात रात्रीचे साधारण साडेदहा वाजत होते. पृथ्वीपासून सुमारे ४८ कोटी किलोमीटरवर लूसी डिंकिनेशच्या जवळ आलं. अंतर ४३१ किलोमीटर, वेग सेकंदाला साडेचार किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुणे अंतर अर्ध्या मिनिटात. ट्रॅकिंग व्यवस्था ठरल्याप्रमाणे चालली, दगड फ्रेममध्ये राहिला. ट्रायल पास!

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. जे तपासायचं होतं ते तपासून झालं होतं. पण फोटो उतरायला लागले आणि पहिल्याच खेपेत दिसलं की डिंकिनेश एकटा नाही, त्याला एक चंद्र आहे. आता लघुग्रहाला चंद्र असणं ही फार नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. गॅलिलिओ यान १९९३ मध्ये इडा या लघुग्रहाजवळून गेलं, तेव्हाच असा पहिला चंद्र कॅमेऱ्यात आला होता. खरी मजा पुढे होती. सगळ्यात जवळून गेल्यावर साधारण सहा मिनिटांनी, सुमारे १,६०० किलोमीटर पुढे गेल्यावर, लूसीने मागे वळून काढलेले फोटो हाती आले. त्यात त्या चंद्राचे दोन गोळे दिसले, एकमेकांना टेकलेले! पहिल्या फोटोत एक गोळा दुसऱ्याच्या मागे लपला होता, म्हणून एकच वाटला. असे दोन टेकलेले दगड अंतराळात आधीही दिसले होते. पण दुसऱ्या लघुग्रहाभोवती फिरणारी अशी जोडी त्याआधी कुणी पाहिलेली नव्हती. तिचं नाव ठेवलं सेलाम, म्हणजे अम्हारिकमध्ये शांतता. इथिओपियातच सापडलेल्या, लूसीच्याच जातीच्या एका लहान मुलीच्या जीवाश्माचं हे नाव.

थोडे आकडे देतो, कारण आपण इंजिनिअर आहोत. डिंकिनेशचा व्यास सुमारे ७२० मीटर. सेलामचे दोन गोळे सुमारे २१० आणि २३० मीटरचे. दोघांमधलं अंतर ३.१ किलोमीटर. डिंकिनेशची घनता पाण्याच्या साधारण २.४ पट. त्याच्या अंगावर एक लांब खाच आहे आणि कमरेभोवती पट्टा बांधावा तसा एक उंचवटा. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात याचं स्पष्टीकरण दिलं आहे ते असं. ऊन दगडावर पडतं, दगड तापतो आणि ती उष्णता परत बाहेर टाकतो. दगड वेडावाकडा असल्यामुळे या बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा धक्का सगळीकडे सारखा बसत नाही. अगदी नगण्य टॉर्क, पण लाखो वर्षं चालू. त्याने दगडाची गिरकी हळूहळू वाढत जाते. शेवटी एक वेळ अशी येते की दगडाला स्वतःचं अंग सावरत नाही. तो ढळतो, माल सुटून बाहेर फेकला जातो आणि त्यातूनच चंद्र जमतो. उन्हाच्या जोरावर सव्वासातशे मीटरचा दगड मोडतो, म्हणजे बघा! मग चंद्र दोन तुकड्यांचा कसा, दोन वेळा माल सुटला की आणखी काही घडलं, यावर अभ्यासकांचं काम चालूच आहे.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट.

लूसी पोचायच्या आधी पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी डिंकिनेशची रीडिंग्ज घेतली होती. दुर्बिणीतून तो नुसता ठिपका दिसतो. पण त्याचं तेज कमी-जास्त होतं, ते ठरावीक वेळाने मोजत राहिलं की आलेख मिळतो. या आलेखात ५२.६७ तासांचा एक ताल सापडला. त्यावरून काय म्हटलं गेलं? की हा दगड फार सावकाश फिरतो, एका गिरकीला ५२.६७ तास. सरळ आणि पटण्यासारखा निष्कर्ष. पुढे लूसीची मोजमापं आली आणि कळलं की डिंकिनेश स्वतःभोवती अवघ्या ३.७४ तासांत फिरतो. मग ते ५२.६७ तास कसले? तो सेलामला डिंकिनेशभोवती एक फेरी मारायला लागणारा वेळ निघाला!

जरा थांबून विचार करा. निष्कर्ष चुकला होता, पण रीडिंग चुकलं नव्हतं. ते जसं आलं तसं, दशांशासकट, लिहून ठेवलं होतं. म्हणून नंतर त्याच आकड्याने चंद्राची फेरी सांगितली. शिवाय जवळ जाताना लूसीच्या उपकरणांनाही दगडाचं तेज कमी-जास्त होताना दिसत होतं आणि ही जोडी तर नसेल ना, अशी शंका टीमच्या मनात आली होती. ती शंका आली कुठून? अपेक्षेत न बसणारं रीडिंग कुणी खोडलं नाही म्हणून.

आणि आता आपल्या लॅबमध्ये या.

फर्स्ट इयरला न्यूटन्स रिंग्ज. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम, हे पुस्तकात छापलेलं. मग अख्ख्या बॅचचं उत्तर किती? कुणाचं ५८९०, कुणाचं ५८९५, फार तर एखाद्या धाडसी माणसाचं ५९००. सेकंड इयरला व्हेंच्युरीमीटर. सीडी ०.९७ किंवा ०.९८. मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, एका जॉइंटमधून पाणी गळत असतं, तरी सीडी ०.९८! हे कसं होतं ते हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि स्टाफलाही माहीत आहे. याला आपल्याकडे ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात. आधी उत्तर लिहायचं, मग फॉर्म्युला उलटा चालवायचा, मग ऑब्झर्व्हेशन टेबल भरायचा आणि शेवटी एखाद-दुसरा आकडा इकडे-तिकडे करायचा, म्हणजे ‘खरं’ वाटतं. पूर्वी सिनियरचं जर्नल समोर ठेवून हे चालायचं, आता ग्रुपवर पीडीएफ फिरते. एवढाच काय तो विकास.

यावर मला नैतिकतेचं लेक्चर द्यायचं नाही. ते आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि त्याचा उपयोग झालेला नाही. माझा मुद्दा साधा आणि थोडा स्वार्थी आहे. रीडिंग बसवलं की आपण त्या प्रयोगातून जे कळू शकलं असतं ते फेकून देतो. सीडी ०.८४ आला तर त्यात बुडबुडा आहे, गळती आहे, घासलेला व्हॉल्व्ह आहे. ०.९८ लिहिलं की त्यात काहीच नाही. तो आकडा पुस्तकात होताच, तो शोधायला दोन तास उभं राहायची काय गरज होती? डिंकिनेशच्या आलेखावर कुणी हात फिरवून तो ‘नीट’ केला असता तर ते ५२.६७ तास हाती लागलेच नसते.

आता यावर दोन आक्षेप येतील. दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप सर-मॅडमचा. वीस जणांची बॅच, एकच सेटअप, दोन तास, त्यात हजेरी आणि तपासायची जर्नलं. प्रत्येकाचं वेगळं उत्तर आलं तर तपासायचं कधी? मान्य. पण मला सांगा, वीस सारखी उत्तरं तपासून तरी काय तपासलं जातं? आणि एक गोष्ट आदर ठेवून म्हणतो. मुलं रीडिंग बसवतात कारण चुकीच्या उत्तराला ‘रिपीट’चा शेरा मिळतो आणि बरोबर उत्तराला सही मिळते. सही उत्तरावर मिळते, मोजण्यावर मिळत नाही. हे जोवर असं आहे, तोवर मुलांना दोष देऊन उपयोग नाही. शहाणी मुलं शहाणपणच करतात.

दुसरा आक्षेप आपला, मुलांचा. ‘मशीनच भंगार आहे, रीडिंग बरोबर येणार कुठून?’ याला उत्तर म्हणून पुन्हा लूसीकडे बघा. तुम्हाला वाटत असेल, नासाचं यान म्हणजे सगळं चकाचक. तर तसं नाही. लूसीला सात मीटरपेक्षा जास्त व्यासाची दोन गोल सौर पॅनेल्स आहेत, जपानी पंख्यासारखी उलगडणारी. उड्डाणानंतर एक पंखा पूर्ण उलगडला. दुसरा जवळपास उलगडला, पण कुलूप बसलं नाही. त्याला ओढणारी दोरी नीट गुंडाळली गेली नव्हती. कोट्यवधी किलोमीटरवर पाना घेऊन कोण जाणार? टीमने जमिनीवर तसाच प्रकार करून बघितला, किती वीज मिळते ते मोजलं आणि २०२२ मध्ये मुख्य आणि राखीव अशा दोन्ही मोटर एकदम चालवून पंखा आणखी ओढला. ३६० अंशांपैकी तो ३५३ ते ३५७ अंशांपर्यंत गेला, कुलूप तरीही नाही बसलं. शेवटी, आहे तेवढा ताण मोहिमेला पुरतो असा हिशेब करून जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी ते प्रयत्न थांबवले.

लक्षात घ्या, कुणी ‘३६०’ लिहून मोकळं झालं नाही. अर्धवट उघडलेला पंखा किती अर्धवट आहे, हे मोजून त्यांनी लिहून ठेवलं आणि तोच पंखा घेऊन यान डिंकिनेशला गेलं. पुढे २० एप्रिल २०२५ ला ते डोनाल्डजोहानसन या आणखी एका लघुग्रहाजवळून गेलं. तोही दोन गोळे जोडल्यासारखा, सुमारे आठ किलोमीटर लांब निघाला. मशीन भंगार असेल तर ते किती भंगार आहे हे मोजणं, हेच इंजिनिअरिंग आहे. नाहीतर बीईची पदवी आणि फॉर्म्युल्यांचं पुस्तक यात फरक काय?

नुसती तक्रार करून थांबणं बरं नाही, म्हणून तीन सूचना करतो. जमल्या तर पुढच्या टर्मपासून करून बघण्यासारख्या आहेत.

एक, टर्मवर्कच्या मार्कांतले थोडे मार्क उत्तरावरून काढून ‘फरक का आला’ या परिच्छेदाला द्यावेत. परिच्छेद पाच ओळींचा, पण स्वतःच्या सेटअपबद्दल. ‘ह्यूमन एरर’ असं लिहिलं तर शून्य मार्क!

दोन, रीडिंग घेतल्या घेतल्या त्या कच्च्या कागदावर पेनाने लिहिलेल्या टेबलवर सरांनी तिथेच सही करावी आणि तोच कागद जर्नलला जोडावा. फेअर कॉपी कितीही सुंदर करा, मूळ आकडे शाबूत राहतील. याला जास्तीचा वेळही लागत नाही.

तीन, ओरलला एक प्रश्न सगळ्यांना विचारावा. ‘तुझ्या प्रयोगात तुला न पटलेलं एक रीडिंग सांग.’ ज्याने प्रयोग केलाय त्याला एक तरी सांगता येईलच. ज्याने पीडीएफ उतरवली आहे, त्याची रीडिंग्ज सगळीच पटण्यासारखी असणार.

काही जण म्हणतील, आपलं प्रॅक्टिकल कुठे आणि अंतराळयान कुठे. पण डिंकिनेश तरी काय होतं? प्रॅक्टिकलच होतं ते. खरी परीक्षा ट्रोजनची आहे, पहिला पेपर ऑगस्ट २०२७ मध्ये, युरिबेटीस नावाच्या लघुग्रहावर. डिंकिनेशच्या वेळी ‘ट्रॅकिंग चालतंय ना, बास झालं’ असं म्हणून जवळून गेल्यावर सहा मिनिटांनी कॅमेरा बंद ठेवला असता, तर कुणी जाब विचारला नसता. तो चालू ठेवला म्हणून सेलामचा दुसरा गोळा दिसला.

आपल्या लॅबमध्ये असा एखादा दुसरा गोळा लपलेला असेल का? बहुतेक नसेल. गळका जॉइंट सापडेल, बिघडलेला गेज सापडेल. पण गळका जॉइंट स्वतःच्या रीडिंगवरून ओळखता येणारी मुलं या कॉलेजातून बाहेर पडली, तर मला वाटतं तेवढंही पुष्कळ झालं. बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला या, फक्त येताना स्वतःची रीडिंग्ज घेऊन या!